नंबरटेकराची अर्धी पाळी

शहादेवअण्णाच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. त्यामुळे त्या रविवारी सकाळपासून तो गालातल्या गालात हसत फिरतोय आणि बोलत मात्र काही नाही, हे बघून घरच्यांनी सावध व्हायला हवं होतं. कुणी झालं नाही. ज्यानं त्यानं त्या हसण्याचा आपल्याला हवा तसा अर्थ लावून घेतला आणि जो तो कामाला लागला.

कामंही काय थोडी होती! अजिनाथचा साखरपुडा होता. पोरगी शिरूर कासारच्या मोहनराव मुकादमाची. परवा मुकादमाची टोळी ऊसतोडीला हलणार होती. त्याच्या अंगणात ट्रॅक्टर उभे, गोण्या बांधलेल्या, कोंबड्या पाट्यांखाली झाकलेल्या. पाहुण्यांना बसायला जागा नाही. म्हणून साखरपुडा मुलाच्या दारात ठरला होता. त्यात आज सकाळीच कारखान्याच्या गव्हाणीत पहिली मोळी पडली होती आणि हंगाम सुरू झाला होता. वडवणीच्या रस्त्यानं उसाच्या गाड्या जायला लागल्या की या घरातल्या कुत्र्यालासुद्धा चैन पडत नसे.

"बोलले का काई भावजी?" पुरी तेलात सोडत छबुबाईनं विचारलं.

"न्हाई अजून," वनमाला म्हणाली. "पर खुशीत हायेत. चार वाजता उठून दाढी केली."

"म्हंजी पावन्यासमोरच सांगायचं दिसतंय. मोठा मानूस हाय, मोठेपणानंच सांगनार."

छबुबाई ही वनमालाची धाकटी जाऊ, अजिनाथची आई. एरवी दोघींचं शेणाच्या पाटीवरूनही वाजायचं. पण गेल्या महिन्यापासून दोघी एकाच चुलीवर एकच गोष्ट शिजवत होत्या. शहादेवनं नोकरी सोडायची आणि ती अजिनाथला मिळायची.

शहादेव कारखान्याच्या यार्डात नंबरटेकर होता. उसाची गाडी आली की तिला नंबर द्यायचा, त्या नंबरानं ती वजनकाट्यावर सोडायची. नंबर मागं पडला की ड्रायव्हर शिव्या देतो आणि पुढं लावला की मागचे चाळीसजण देतात. असलं हे काम अण्णा वर्षानुवर्षं मोठ्या आनंदानं करत आला होता. मग मागच्या हंगामाच्या शेवटी त्याचे पाय सुजले, धाप लागली आणि बीडच्या डॉक्टरांनी सांगितलं की दोन्ही किडन्या गेल्या. तेव्हापासून मंगळवारी आणि शुक्रवारी डायलिसिस. तेव्हापासून तो घरात.

कारखान्याची जुनी चाल अशी, की कुणी आजारपणामुळे आपणहून कामावरून उतरला तर त्याच्या घरातलं एक माणूस घ्यायचं. शहादेव-वनमालाला मूलबाळ नव्हतं. पुतण्या अजिनाथ त्यांच्याच मांडीवर वाढलेला. तेव्हा हिशोब सरळ होता, इतका सरळ की शहादेवला विचारायचं राहूनच गेलं. धाकट्या धोंडीरामला वाटलं, वडीलभावाला 'नोकरी सोड' म्हणणं बरं दिसत नाही, वहिनी बोलतील. वहिनीला वाटलं, हे आपल्या तोंडून नको, ते स्वतःच म्हणतील. आणि बिननोकरीच्या पोराला आजकाल पोरगी कोण देतो, म्हणून धोंडीरामनं मुकादमाला दोन महिने आधीच सांगून टाकलं होतं, "पोरगा कारखान्यात पर्मनंट हाय."

वनमालाला हे ठाऊक होतं. तिनं ते खपवून घेतलं होतं. तिला नोकरी नको होती, नवरा हवा होता.

*

शहादेवच्या आनंदाचं कारण निराळंच होतं.

गुरुवारी तो "रिपोर्ट आणायला चाललो" असं सांगून एसटीत बसला आणि थेट कारखान्यावर एमडी साहेबांच्या दारात जाऊन उभा राहिला. साहेबांना वाटलं, राजीनामा घेऊन आला. त्यांनी खुर्ची दिली, चहा मागवला, डोळेसुद्धा थोडे ओले करून ठेवले. शहादेवनं चहा नाकारला, कारण त्याचं दिवसाचं पाणी मोजून ठरलेलं होतं.

"साहेब, पुरी पाळी माझ्यानं व्हायची न्हाई," तो म्हणाला. "पर अर्धी व्हतीय. डाक्टर म्हन्ले, बसून काम असंल तर कर. माझी आजारी रजा हाय न्हवं शिल्लक? ती एकदम घ्यून मी घरी झोपून काय करू? रोज अर्धी अर्धी कापा."

साहेबांनी पंख्याकडे बघितलं. असं कुणी कधी मागितलं नव्हतं. लोक एक तर सगळी रजा मागत, नाही तर मेडिकलवर पुरा पगार. शेवटी ते म्हणाले, या हंगामापुरतं करून बघू. सकाळची अर्धी पाळी तुमची. दुपारनंतर आणि डायलिसिसच्या दिवशी एक हंगामी माणूस घेऊ. नाव तुम्हीच सुचवा, सोमवारपर्यंत.

यार्डातून बाहेर पडताना शहादेवनं आपल्या खिडकीतल्या खुर्चीवरची धूळ धोतराच्या सोग्यानं पुसली आणि वेड्यासारखा एकटाच हसला. ही बातमी अजिनाथच्या साखरपुड्यात सगळ्या पाहुण्यांसमोर सांगायची, असं त्यानं त्याच वेळी ठरवलं. घर कसं नाचेल! चार दिवस ती पोटात ठेवणं त्याला डायलिसिसच्या सुईपेक्षा जड गेलं.

*

पाहुणे आले. मोहनराव मुकादम पांढऱ्या कपड्यात, मिशीला पीळ देऊन, जीपमधून आधी उतरला. मागून दीपमाला, निळी साडी आणि मान खाली. मान खाली असली तरी डोळे सगळं घर मोजत होते. मांडवात सतरंज्या, मधे पाट, पाटावर साखरेचा पुडा. शेजारी बुंदीचं ताट.

सरबत झालं. मुकादमानं शहादेवला नमस्कार केला आणि बोलायचं म्हणून सहज विचारलं, "अण्णा, आमचे जावाई कारखान्यात कोनत्या खात्यात बसतेत?"

"कोण, अजिनाथ?" शहादेव गोंधळला. "कारखान्यात?"

धोंडीरामला ठसका लागला. ठसक्यातनंच तो म्हणाला, "त्येच! त्येच आता अण्णा सांगनार हायेत. सांगा की अण्णा!"

शहादेवचा चेहरा उजळला. "धोंड्या, लेका, तुला कळलं व्हय? मला वाटलं, कुनालाच ठावं न्हाई!" तो गुडघ्यावर हात टेकून उभा राहिला. वनमालानं पदर तोंडाला लावला. छबुबाईनं डोळे मिटून हात जोडले.

"मंडळी, आज दोन आनंदाच्या गोष्टी हायेत," शहादेव म्हणाला. "एक आमच्या अजिनाथचा साखरपुडा. आनि दुसरी, उद्या सकाळपास्नं मी कामावर चाललोय!"

मांडवातले सगळे त्याच्याकडे बघायला लागले. आचारी पप्पूनं तर झारा कढईतच ठेवला.

"अर्धी पाळी!" अण्णा रंगात आला होता. "सायबानं कबूल केलंय. रोज अर्धी आजारी रजा, अर्धं काम. मंगळवार-शुक्करवार सुट्टी. आरं, बगताय काय असं? टाळ्या वाजवा की!"

"आन् राजीनामा?" धोंडीराम म्हणाला.

"कसला राजीनामा?"

"तुमचा. अजिनाथसाठी."

"मला कोन बोल्लं राजीनाम्याचं?"

आता कुणीच बोललं नव्हतं, हे सगळ्यांच्या एकदमच ध्यानात आलं. मुकादमानं सरबताचा पेला खाली ठेवला. "धोंडीरामजी," तो सावकाश म्हणाला, "पोरगा पर्मनंट हाय म्हन्ला व्हता तुमी."

"हाय म्हंजी... व्हनार. अण्णानं सही केली की व्हनार."

"व्हनार आनि हाय ह्यात आमच्याकडं लई फरक असतोय."

छबुबाई पुरीचं पीठ लागलेल्या हातांनीच मांडवात आली. "भावजी, असं कसं करता? पोराचं लगीन तुमच्या एका सहीवर आलंय. तुमाला उभं ऱ्हायलं की चक्कर येती, आनि तुमी यार्डात जानार?"

"बसून काम हाय छबू."

"अण्णा, तू..." धोंडीराम उठला. उभ्या जन्मात त्यानं थोरल्या भावाला अरे-तुरे केलं नव्हतं. "तुला पोरगं असतं तर तू असं केलं असतं का? तुला न्हाई, म्हनूनच तुला आमच्या पोराचं..."

वाक्य अर्धंच राहिलं. पण जेवढं निघालं तेवढं पुरेसं होतं.

शहादेव भावाकडे बघत राहिला. मग त्यानं बायकोकडे बघितलं.

"वनमाला, तुला ठावं व्हतं हे?"

"व्हय."

"आनि तू बोल्ली न्हाईस. कावून?"

"तुमी मरताल म्हनून," वनमाला म्हणाली. "त्या धुळीत, त्या धुराड्यात, त्या डायवरांच्या भांडनात. म्या तुमाला दर मंगळवारी मशिनीला लावते, आनि मशीन थांबंस्तवर भाईर बसून देवाला काय काय बोलते, ते तुमाला ठावं न्हाई. मला नगं ती नोकरी. मला तुमी पायजे."

शहादेव खाली बसला. रागावला असता तर बरं झालं असतं, पण तो रागावला नाही.

"घरी बसून मी जितोय असं वाटतंय तुला?" तो म्हणाला. "मंगळवारी सुई, शुक्करवारी सुई, मधी ही भिंत. येनारा-जानारा इचारतो, कसं हाय आता? दुसरं कोन काई इचारतच न्हाई मला. पान्याची मोटर बिघाडली, इचारत न्हाई. पोराचं लगीन ठरलं, इचारलं न्हाई. यार्डात मला शिव्या देनारे शंभर जन हायेत, वनमाला. पर शिवी बी जित्या मानसालाच देतेत."

*

मुकादम उठला होता. "चला गं," तो दीपमालाला म्हणाला. "ह्यांचं घरचं मिटू द्या आधी."

अजिनाथ पाटाशेजारी पुतळ्यासारखा बसला होता. नवा शर्ट मानेला टोचत होता. दोन महिने तो फोनवर दीपमालाशी बोलत होता आणि कारखान्याचा विषय निघाला की रेंज गेल्याचं सोंग करत होता. आज त्याला वाटत होतं की धरणी दुभंगेल तर बरं. ती काही दुभंगली नाही, तेव्हा तोच उठला.

"मामा, थांबा. मला नोकरी न्हाई. कधीच नव्हती. वडील खोटं बोलले, आनि म्या ते चालू दिलं. म्या जास्त खोटा."

"अजिनाथ, गप बे!" धोंडीराम ओरडला.

"गपच व्हतो की दोन महिने." तो चुलत्याकडे वळला. "अण्णा, तुमची दुसरी अर्धी पाळी कुनाला दिली?"

"कुनाला न्हाई अजून. सायब म्हन्ले, उद्या नाव सांग. हंगामी हाय."

"माझं सांगा."

"आरं येड्या!" धोंडीरामनं कपाळावर हात मारला. "पुरी खुर्ची मिळत असताना अर्धी मागतोस? आनि ती बी हंगामी?"

"पुरी खुर्ची अण्णाला उठवून मिळत व्हती, दादा. मला ती पचली नसती."

निघता निघता थांबलेला मुकादम आता हसला, पण ते हसणं गोड नव्हतं. "म्हंजी जावाई म्हनून मला आता अर्धा कोयता भेटनार? माझ्या टोळीत एकटा गडी आला, जोडीला बाई नसली, की आमी त्याला अर्धा कोयता म्हन्ताव. त्याला कुनी पुरं मोजत न्हाई. आनि माझी पोरगी म्या अर्ध्या कोयत्याला देऊ?"

आणि इथं वनमाला बोलली. तिलाही ठाऊक नव्हतं की ती बोलणार आहे.

"मुकादम, तुमच्या टोळीत गडी पुरा कधी असतोय?"

"म्हंजी?"

"कोयता म्हंजी नवराबायको. गडी अर्धा, बाई अर्धी, तवा एक कोयता. पैलवान आला तरी तुमी त्याला अर्धाच धरता. खरं का खोटं?"

मुकादमाला 'खोटं' म्हणता येईना. सारी हयात त्यानं माणसं अशीच मोजली होती.

"ह्यांना नोकरी लागायच्या आधी आमी दोघं बी कोयताच व्हताव," वनमाला म्हणाली. ती नवऱ्याकडे बघत नव्हती, पण बोलत त्याच्यासाठीच होती. "एका साली मला दिवस गेलते. उसाच्या फडातच पोट पडलं. आठ दिस उठता येत न्हवतं. तवाचा मुकादम म्हन्ला, हिला गावाकडं धाडा. ह्यांनी धाडलं न्हाई. म्या रडत व्हते, मला त्या झोपडीत, कोपीत एकलं ठिवू नका, डोकं फिरंल माझं. तवा मला बांधावर बसवलं आनि वाढं बांधायला दिलं. हळूहळू बांध म्हन्ले. ह्ये तोडायचे, म्या उसाचे शेंडे गोळा करून पेंड्या बांधायची, जमतील तेवढ्या. दोन मानसांचं काम ह्यांनी वडलं, पर माझ्या हातातलं काम काढून घेतलं न्हाई. त्या कामानं म्या जगले." ती थांबली. पदरानं नाक पुसलं. "आनि म्या काय केलं? ह्यांच्या हातातलं सगळंच काढून घ्यायला बसले व्हते. चुकलं माझं. ह्ये उद्या कामाला जातेल. डबा म्या बांधनार."

छबुबाई तिच्याकडे बघतच राहिली. महिनाभराची युती चुलीवरच करपली होती. पण वाढ्याच्या त्या हंगामात कोपीतल्या थोरल्या जावेच्या तोंडात पेज घालणारी छबुबाईच होती. तिनं पिठाचे हात लुगड्याला पुसले आणि नवऱ्याला म्हणाली, "तुमी आता एक शबूद बोलू नका."

मुकादमानं मिशीवरून हात फिरवला. "ते सगळं खरं, इहीनबाई. पर मला खोटं सांगितलं त्याचं काय?"

"आबा, मी बोलू?" दीपमाला म्हणाली.

मांडवातल्या बायका चपापल्या. साखरपुड्यात नवरी बोलत नसते. मुकादमानं मान हलवली तेव्हा ती अजिनाथकडे सरळ बघून बोलली.

"तुमच्याकडं रेंज कवा जाती नि कवा येती, ते मला पयल्या आठवड्यातच कळलं व्हतं."

अजिनाथचे कान लाल झाले.

"मी कोपीत जन्मले," ती पुढं म्हणाली. "अर्धा मानूस मला चालतोय. माझी आई बी अर्धीच मोजली गेली आनि तिनं घर उभं केलं. खोटा मानूस चालत न्हाई. परत रेंज गेली, की मी शिरूरला गेले. आनि मी बी काम करनार हाय. शिलाईच्या क्लासला जातीय, ते सोडनार न्हाई. कबूल असंल तर बसा पाटावर."

"कबूल," अजिनाथ म्हणाला, आणि इतक्या घाईनं बसला की पाट सरकला.

शहादेव आधी हसला. मग मुकादमाला हसू आवरेना. "घ्या," तो म्हणाला, "आमच्या पोरीनं आगाऊ उचल न घेता कोयता ठरवला! लावा कुंकू."

एकच गलका उठला. कुंकू लागलं, साखरेचा पुडा फुटला, पप्पूनं बुंदी वाढायला घेतली. धोंडीराम मात्र मांडवाच्या खांबाला पाठ लावून बसून होता. शहादेव त्याच्याजवळ गेला, बुंदीचा एक घास त्याच्या तोंडासमोर धरला. धोंडीरामनं तोंड फिरवलं. शहादेवनं हात खाली घेतला नाही. शेवटी धोंडीरामनं घास घेतला, पण बोलला नाही. ते बोलणं सरळ व्हायला पुढं गुढीपाडवा उजाडावा लागला.

*

ऊन उतरत होतं तेव्हा शहादेवचा फोन वाजला. यार्डाचा वॉचमन शिवशंकर.

"अण्णा, पार रस्त्यापर्यंत गाड्या आल्यात! नंबर द्यायला मानूस न्हाई. दोन डायवर एकमेकांच्या गचांडीला भिडलेत. काय करू?"

"आलोच!" शहादेव उठला आणि चपला शोधायला लागला. वनमाला दारात उभी होती. तिनं त्याला अडवलं नाही. तिनं चपला उचलून त्याच्या पायाशी ठेवल्या.

त्यानं एक चप्पल घातली. दुसरीत पाय जाईना. सकाळपासून उभं राहून घोटे भरून आले होते. मग आत गेलेला पाय त्यानं स्वतःच बाहेर काढला.

"अजिनाथ!"

"जी अण्णा."

"जा. सायबाला मी फोन करतो. बैलगाडीवाल्याचा नंबर कवा मागं पडू द्यायचा न्हाई, बैलं तहानेली असतेत. वळखीचा म्हनून कुनाला पुढं घ्यायचं न्हाई, मला बी न्हाई. आनि सकाळी माझी खुर्ची मला मोकळी पायजे."

"मोकळी करतो."

"पुसून."

दीपमाला जीपजवळ उभी होती. अजिनाथनं मोटरसायकलला किक मारली तेव्हा ती हसली आणि लगेच मान खाली घातली. तो सुसाट निघाला. नवा शर्ट, कपाळाला कुंकू, केसात अक्षता. रस्त्यावर उसाच्या गाड्यांची रांग लागली होती. एकेक गाडी मागं टाकताना त्याला वाटत होतं, जसं काही आजच वरात आहे.

यार्डात रणकंदन चाललं होतं. तो खिडकीत चढला, खुर्चीत बसला. ताबडतोब पाच-सहा डोकी खिडकीत घुसली.

"तू कोन बे?" पुढचा ड्रायव्हर ओरडला. "नंबरटेकर कुटाय? शहादेवअण्णा गेला म्हन्ते, खरं हाय का?"

मागचा गोंधळ एकदम कमी झाला. माना वळल्या. ज्यांनी अण्णाला हंगामभर शिव्या घातल्या होत्या, तेच आता कान देऊन पुढं सरकले.

"कुटं जातेत?" अजिनाथ म्हणाला. त्याचा आवाज त्याच्या स्वतःच्याच कानाला मोठा वाटला. "अर्धी पाळी माझी, अर्धी त्यांची. सकाळी येतेत. काय शिव्या द्यायच्या त्या तवा त्यांनाच द्या. चल, गाडी लाव."